मशीन रिकामंच फिरत होतं

मला मशीनने पकडून दिलं. माणसांना इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्या पांढऱ्या खोक्याने घरात आल्या आल्या करून दाखवलं. दुपारची जेवणं उरकली होती. सासूबाई त्यांच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. मी मागच्या धुण्याच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, मशीनचं दार बंद केलं आणि बटण दाबलं. जुनं मशीन बटण दाबलं की मुकाट्याने गुरगुरायला लागायचं, आत काय आहे याची त्याला पंचाईत नसे. हे नवीन आधी गप्प बसलं, मग त्याने ड्रम एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून पाहिला, झडती घेणारा माणूस खिसे चाचपतो तसा, आणि मग पिंपिं करून बंद पडलं. काल-परवाही त्याने पिंपिं केलं होतं, पण मग निमूट फिरलं होतं. मला वाटलं नळ बंद असेल. नळ चालू होता. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा चाचपणी, पुन्हा पिंपिं. तेवढ्यात फोन वाजला. कॉलेजमधून लेक बोलत होती. ‘आई, अगं कपडे टाकायलाच विसरलीस तू. माझ्या फोनवर आलंय, ड्रम रिकामा आहे म्हणून. बाबालाही गेलं असेल.’ मग हसली, आणि एकदम हसू आवरून हळू आवाजात म्हणाली, ‘कालही आलं होतं. परवापण. आई, तू बरी आहेस ना?’

मी बरी आहे म्हणाले आणि फोन ठेवून स्टुलावर बसले. मशीनचा आवाज नसला की ती खोली किती लहान आहे ते कळतं. समोर हातभर अंतरावर भिंत, भिंतीत वर एक झरोका, त्यातून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसतात. बादल्या, साबणाचा वास, दांडीवर वाळत घातलेले पायमोजे. या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मी पुठ्ठ्याची घडी सारून ठेवलेली आहे. इथे मी रोज दुपारी तासभर बसते. काय करते, तर काही नाही. झोपत नाही. झोपणाऱ्या बाईला लोक माफ करतात, ती दमलेली असते. वाचत नाही, विणत नाही, देवाचं नाव घेत नाही, फोन पाहत नाही, कुणाच्या आठवणीने रडत तर मुळीच नाही. मी जागी असते आणि बसलेली असते. मशीन घुरघुरत असतं, जमिनीतून त्याची थरथर तळपायांना लागते, आणि हळूहळू खांदे खाली येतात. खांदे इतका वेळ वर होते हे ते खाली आल्यावरच कळतं. मग डोक्यात काहीबाही येतं आणि जातं. शाळेतल्या बाकाचा गार लोखंडी पाय. कधीतरी पाहिलेल्या एका बंद दुकानाच्या फळीवर उन्हात निजलेलं कुत्रं. त्यातलं काही कुणाच्या उपयोगाचं नाही. म्हणून तर ते माझं आहे.

याची सुरुवात सासूबाई पडल्या तेव्हा झाली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि अंथरुणात पडल्यापडल्या त्यांना एकच व्यायाम जमू लागला, तो म्हणजे मला हाक मारण्याचा. उशी वर कर, उशी खाली कर, पंखा, पाणी, खिडकी, अगं ऐकलंस का. त्यांचाही दोष नव्हता, पडून राहणाऱ्या माणसाला हाक हाच एक हात असतो. एका दुपारी मी मशीनमधले कपडे काढले आणि ते चुकून तसंच रिकामं पुन्हा सुरू केलं. बंद करायला वाकले तर पाठीत उसण भरल्यासारखं झालं, म्हणून टेकले. तेवढ्यात हाक आली. मी उत्तर द्यायच्या आत लेकीचा आवाज ऐकला, ‘आजी, आई मशीन लावतेय.’ आणि हाक थांबली. मी दारामागे बसून ते ऐकलं. बाई बसली आहे म्हटलं असतं तर हाक थांबली नसती. बाई आजारी आहे म्हटलं असतं तर सगळे आत येऊन उभे राहिले असते. पण मशीन लावतेय म्हटल्यावर कुणाची टाप नव्हती. दुसऱ्या दिवशी मी ते मुद्दाम रिकामं लावलं. आणि मग रोज. नवरा कौतुकाने म्हणायचा, एवढे कपडे येतात तरी कुठून. त्याला वाटायचं मला ते उरकत नाहीत.

खरी गोष्ट अशी आहे की मला वेळ पुरतो. हे वाक्य मी आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही. माझ्या हाताला उरक आहे, लग्नाआधीपासून आहे. एका शेगडीवर शिजत असताना दुसरीवर फोडणी, तिसऱ्या बाजूला डबे, पायाने लादीवर फडकं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. पण उरकत्या बाईला बक्षीस काय मिळतं, तर आणखी काम. नवी नवरी असताना मी सगळं आवरून दहाच्या सुमारास हात पुसत बाहेर आले, तर सासूबाई म्हणाल्या, झालं का, मग माळा काढूया. माळा काढला. दुसऱ्या दिवशी आणखी लवकर आवरलं, तर नणंदेच्या अभ्यासाच्या वह्यांना कव्हरं घालायची निघाली. मिक्सर आला आणि वेळ वाचला, त्या वेळात नवऱ्याच्या शर्टांना घरी इस्त्री करायचं ठरलं. या घरात माझा वाचलेला वेळ उघड्यावर ठेवलेल्या दुधासारखा होता, वळून पाहावं तर मांजराने तोंड घातलेलं. मग मी शहाणी झाले. एक टब भांडी संध्याकाळपर्यंत सर्वांना दिसेल अशी ठेवायला लागले. फोनवर म्हणायला लागले, अगं मरायला फुरसत नाही. केस मुद्दाम विस्कटलेले ठेवले. आणि लोकांनी माझी कीव करायला सुरुवात केली, तेव्हा कुठे मला जरा श्वास घेता आला.

पण कीव करणारी माणसं प्रेमळ असली की पंचाईत होते. लेकीने फोनवर मला एका बाईचे धडे लावून दिले. दमलेल्या गृहिणींसाठी वेळेचं नियोजन. त्या नियोजनबाईच्या मागे नेहमी एक पांढरी भिंत आणि एक कुंडी, चेहऱ्यावर घामाचा टिपूस नाही. आदल्या दिवशी भाज्या चिरून ठेवा, कामांचे गट पाडा, पहाटे सगळ्यांच्या आधी उठा. अगं भवाने, मी तुझ्या जन्माच्या आधीपासून चिरून ठेवतेय. आणि शेवटी मान तिरकी करून, जणू पदरचं काही देतेय अशा थाटात म्हणते, रोज पंधरा मिनिटं स्वतःसाठी राखून ठेवा, बघा कशा ताज्यातवान्या होऊन कामाला लागाल! म्हणजे तो माझ्या नावावरचा चतकोरही शेवटी कामाच्याच पोटात. ती बाई माझ्यासमोर असती तर मी तिला या स्टुलावर बसवलं असतं आणि म्हटलं असतं, तासभर बस, नंतर कशालाही लागू नकोस, बघ कसं वाटतं. नवऱ्याला मात्र ते धडे फार आवडले. तो शहराच्या बस डेपोत वेळापत्रकं आखतो. बोलताना मी त्याला अहोजाहो करते, मनात अरेतुरे. माणूस सालस आहे, आवाज कधी चढवत नाही, पण उभी गाडी दिसली की त्याच्या जिवाची तगमग होते. उभी गाडी म्हणजे तोटा. सुट्टीच्या दिवशी आम्ही रस्त्याने चाललो असलो आणि एखादी बस थांब्यावर उगीच रेंगाळली तर तो घड्याळ पाहतो. तो वाईट नाही. त्याला रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते, इतकंच. आणि माझ्या दिवसात रिकामी जागा आहे हे आता त्याच्या खिशातल्या फोनला कळलं होतं.

आवाज नसलेल्या त्या खोलीत मला माझी आई आठवली. ती मला फार वेळा आठवत नाही, आठवली तर तिचे हातच आठवतात. बाबांच्या चपला जिन्यात वाजल्या की आई जिथे असेल तिथून उठायची आणि हाताला येईल ते फडकं घेऊन टेबल पुसायला लागायची. टेबल स्वच्छ असायचं. मी समोर गृहपाठ करत बसलेली असायचे, माझी वही उचलून ती खालचं पुसायची, पुन्हा वही ठेवायची. बाबा आत आले की म्हणायचे, हिला जरा म्हणून उसंत नाही. रागाने नाही, अभिमानाने. आई पुसत राहायची. चपला वाजण्याच्या आधी ती खिडकीशी काय करत होती हे बाबांना कधी कळलं नाही, मला माहीत होतं. ती नुसती उभी असायची. ती गेली तेव्हा घरात बसायला जागा नव्हती इतकी माणसं आली आणि येणारा प्रत्येकजण तेच बोलत होता, शेवटपर्यंत हात चालू होते हो बाईचे, कधी रिकामी बसलेली पाहिली नाही. बाबा मान डोलावत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बसायची, उभी राहायची, मी पाहिलंय, तुम्ही येताना दिसलात की उठायची. मी सगळ्यांना पाणी दिलं. खिडकीशी उभी असताना ती काय विचार करायची ते मी कधी विचारलं नाही, आणि आता सांगायला कुणी नाही. मी गेल्यावर माझ्याबद्दलही असंच बोलतील, किती कपडे धुतले हो बाईने. या विचाराने मला हसू आलं आणि लगेच असा संताप आला की मी मशीनला एक लाथ घातली. त्याचं काही बिघडलं नाही. माझा अंगठा दुखावला.

संध्याकाळी नवरा नेहमीपेक्षा लवकर आला. चपला काढताना माझ्याकडे नीट पाहिलं, लेकीकडे पाहिलं. दोघांचं आधीच बोलणं झालेलं दिसत होतं. जेवायला बसल्यावर त्याने घास हातातच ठेवला आणि म्हणाला, ‘अगं, आमच्या डेपोतल्या हिशेबनिसाच्या वहिनीला असंच विसरायला व्हायला लागलं होतं. एक चांगले डॉक्टर आहेत म्हणे. जाऊन येऊया का आपण?’

लेक म्हणाली, ‘घाबरायचं काही नाही आई. तपासणीच फक्त.’

सासूबाई वॉकर बाजूला टेकवून जेवत होत्या, त्यांचा घास तोंडातच राहिला. मला कळलं की माझ्यासाठी एक दार उघडं ठेवलेलं आहे. हो म्हणायचं, विसरते हल्ली, डोकं चालत नाही. डॉक्टर गोळ्या देतील, दुपारी पडून राहा म्हणतील, माझा तास मला औषधाच्या नावाने परत मिळेल. सोपं होतं. हो हा शब्द जिभेवर येऊनही बसला होता. पण मग जन्मभर मला वेंधळ्यासारखं वागावं लागलं असतं, आणि पुन्हा तेच, कुणाच्या तरी चपला वाजल्या की काहीतरी सोंग. मी पाणी प्यायले.

‘मी काही विसरले नाही,’ मी म्हणाले. ‘मशीन मी रिकामंच लावते. रोज. आई पडल्या तेव्हापासून.’

‘रिकामं? कशाला?’ नवऱ्याने विचारलं.

‘आवाज व्हावा म्हणून. मी तिथे बसते.’

‘बसून काय करतेस?’

‘बसते.’

 नवऱ्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, बायको शाबूत असल्याची. मग हळूहळू दुसरं काही उमटायला लागलं. ‘म्हणजे आम्ही इथे जीव टाकतोय, तुला वेळ पुरत नाही म्हणून नवीन मशीन घेतलं, आणि तू...’ त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. दुखावला होता बिचारा. आणि माणूस दुखावला की जे त्याला उत्तम येतं तेच करायला घेतो. जेवण झाल्यावर त्याने पट्टी, पेन्सिल आणि डेपोतला मोठा कागद काढला. रागाने नव्हे, मायेने. ‘हे बघ, आपण तुझा दिवस नीट आखू. मग तुला असं चोरून बसावं लागणार नाही.’ मी टेबल आवरत होते, तो रेघा मारत होता. माझी सकाळ भरली, संध्याकाळ भरली, दुपारशी येऊन पेन्सिल थांबली. मला पाठमोरी असतानाही ती थांबलेली कळली. ‘इथे तासभर निघतोय की चांगला,’ तो म्हणाला. ‘ताई परवा म्हणत होती ना, साबणांची वेष्टनं करायला कुणीतरी हवंय. तिचा धंदा आत्ताच कुठे जोर धरतोय. बसल्याजागीच काम आहे. तुला बसायचंच आहे तर...’

ताई म्हणजे माझी नणंद, घरी साबण बनवून विकते. लेकीने मान वर केली. ‘बाबा!’ मग माझ्याकडे वळून, ‘पण आई, तू आम्हाला सरळ सांगायचंस ना. आम्ही काय नाही म्हटलं असतं?’

‘सांगितलं असतं तर काय झालं असतं?’ मी विचारलं.

‘तर आम्ही...’ ती थांबली. हुशार मुलगी आहे, तिने बापाच्या कागदाकडे पाहिलं.

मी हात पुसले आणि टेबलाशी येऊन उभी राहिले. ‘तुमचा ड्रायव्हर शेवटच्या थांब्यावर गाडी उभी करतो, तेव्हा तुम्ही त्याला साबण गुंडाळायला देता का?’

‘ते वेगळं. ती त्याची विश्रांती आहे. नियमात बसते.’

‘नियम आभाळातून पडला होता?’

 नियम कसा आला हे त्यानेच मला लग्नानंतर सांगितलं होतं. ड्रायव्हरांनी भर रस्त्यात गाड्या उभ्या केल्या होत्या, शहर बंद पडलं होतं. तेव्हा तो सांगताना ड्रायव्हरांच्या बाजूने होता. ‘अगं, पण घर म्हणजे काय डेपो आहे?’ तो शेवटी म्हणाला.

‘मग कागद कशाला काढलात?’

‘चिडतेस कशाला? तुझ्या भल्यासाठीच...’

‘चिडलेय म्हणूनच सांगतेय. दुपारचा तास माझा आहे. तो निघालेला नाही, उरलेला नाही, सापडलेला तर नाहीच नाही. मी तो रोज माझ्या हाताने काढते. त्यात साबण नाही, व्यायाम नाही, नियोजनबाई नाही. काही लिहायचं असेल तर उरलेल्या दिवसात लिहा, आणि एक काम वाढवलंत तर दुसरं कोण करणार ते शेजारी लिहा.’ माझा आवाज चढला होता. शेवटी तर तो फुटला, मी आवरला नाही. त्यांना ऐकू जाऊ दिलं. सासूबाई एवढा वेळ टेबलावर सांडलेलं एक शीत बोटाने फिरवत होत्या. 

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. नवरा डेपोत, लेक कॉलेजात. सवयीने माझे पाय मागच्या खोलीकडे निघाले. दारापर्यंत गेले आणि थांबले. आता सगळ्यांना माहीत झालेलं, मग दार लावून कुणापासून लपायचं? मी परत फिरले, पुढच्या खोलीत आले, खिडकीजवळची नवऱ्याची हातांची खुर्ची वळवून घेतली आणि बसले. घर नुसतं शांत होतं. आवाजाच्या आड बसायची सवय लागलेली, इथे मला अंगावर कपडे नसल्यासारखं वाटलं. खाली रस्त्याला एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. तो वर पाहील आणि म्हणेल, बाई रिकामी बसलीय. पाहू दे. छातीत धडधडत होतं, जिना भराभर चढून आल्यासारखं, आणि मी तर बसले होते.

वॉकरचा टकटक आवाज आला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगून बरेच दिवस झाले होते, पण न्हाणीघर आणि जेवणाचं टेबल सोडून त्या कुठे जात नसत. ‘बरं वाटत नाहीये का गं?’

‘बरी आहे आई.’

‘मग?’

‘बसलेय.’

त्यांनी ऐकून घेतलं. बाहेर काही दिसतंय का म्हणून खिडकीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या बाजूच्या फळीवरचा घरचा बिनतारी फोन वाजला. मी उठले नाही. मला उठता आलं असतं, माझे गुडघे निम्मे उठलेही होते, मी त्यांना परत खाली बसवलं. सासूबाईंनी एका हाताने वॉकर धरून फोन घेतला. ‘हं, बोल गं. हो, सांगितलंय त्याने साबणाचं. ती... ती कामात आहे.’

त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. स्वतःच्या लेकीशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला गहिवरून आलं, आणि तरी ते तसंच राहू देणं मला शक्य नव्हतं. मी हात पुढे केला. त्यांनी नाइलाजाने दोन पावलं येऊन फोन दिला.

‘ताई, मी कामात नाहीये. बसलेय,’ मी म्हणाले. ‘साबणाचं मला जमणार नाही.’

‘म्हणजे? काय करतेयस काय तू?’

‘काही नाही. तासाभराने फोन करा, मग बोलू.’ मी फोन ठेवला. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले, न हलले. मला वाटलं आता सुनावतील. त्या नुसतं म्हणाल्या, ‘चहा घ्यावासा वाटत होता.’

वर्षानुवर्षं हे वाक्य ऐकल्यावर मी उठलेले आहे. तापात उठलेय, लेक पोटात असताना उठलेय. ते वाक्य म्हणजे विनंती नव्हे, हुकूम नव्हे, ते नुसतं हवेत सोडलं जायचं आणि माझे पाय ते झेलायचे. मी खुर्चीचे हात धरले. ‘मी तासाभराने करते, आई,’ मी म्हणाले.

त्या उभ्या राहिल्या.  मग वॉकर वळला. टकटक खोलीकडे न जाता स्वयंपाकघराकडे गेली. मी ऐकत होते. ओट्याशी टकटक थांबली. कपाट उघडलं. पातेलं निघालं, झाकण खाली पडून घरभर खणखणलं. त्या पडल्या तर माझ्यामुळे. लोक काय म्हणतील ते मला तोंडपाठ होतं. मी हाक मारली, ‘आई?’

‘झाकण पडलं!’ आतून खणखणीत आवाज आला. ‘तू बस.’

मी बसले. पाणी ओतल्याचा, लायटर दोनदा फुकट जाऊन तिसऱ्यांदा पेटल्याचा आवाज आला. साखरेचा डबा कुठे आहे हे त्या विचारतील असं वाटलं, त्यांनी विचारलं नाही, एकेक डबा उघडून पाहत राहिल्या. खाली तो माणूस शिडीवरून उतरून पाटी पुसून कशी दिसते ते लांबून पाहत होता. मग आतून त्या म्हणाल्या, ‘अगं, चहा झालाय. पण कप घेऊन तिकडे यायचं कसं? दोन्ही हात गुंतलेत माझे.’

‘मग तिथेच प्या ना,’ मी म्हणाले.

वॉकर ओट्याला टेकला. मग आतून भुरक्याचा आवाज आला. मग दुसरा, जरा मोठा.